डासाच्या सोंडेतल्या दोन वाटा

आमच्या बडोद्यात पाऊस ओसरला, की विश्वामित्रीच्या काठापासून दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांपर्यंत डासांचे राज्य सुरू होते. परवा शेजारच्या काकूंनी दंडावर बसलेला डास चापटीने मारला आणि तळहातावरचा लाल ठिपका पाहून त्या म्हणाल्या, "हा एचआयव्हीवाल्या कुणाला चावून आला असला तर?" शंका अगदीच अस्थानी नव्हती, हिवताप आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासाने हाच एक विषाणू का वगळावा?

उत्तर डासाच्या सोंडेत आणि पोटात आहे. आपण सोंडेला इंजेक्शनची सुई समजतो, पण त्वचेत शिरतात त्या सहा अतिसूक्ष्म सळ्या. त्यांपैकी चार त्वचा कापण्याचे व धरून ठेवण्याचे काम करतात. उरलेल्या दोहोंपैकी एकीतून लाळ खाली उतरते आणि दुसरीतून रक्त वर चढते. म्हणजे पोटात गेलेले रक्त पुढच्या माणसाच्या अंगात सोडले जात नाही, सोडली जाते ती फक्त लाळ. त्यामुळे ज्या रोगजंतूला पुढे जायचे असेल, त्याला पोटातून निघून लाळग्रंथींपर्यंत पोहोचावेच लागते. हिवतापाचा परजीवी हा प्रवास करतो: तो जठराच्या भिंतीवर गाठी धरतो (रोनाल्ड रॉस यांना त्या १८९७ साली सिकंदराबादेत दिसल्या) आणि साधारण १० ते १४ दिवसांनी त्याची पिल्लावळ लाळेत उतरते. डेंग्यूचा विषाणू तर डासाच्या पेशींतच वाढतो. एचआयव्हीला मात्र पेशीत शिरण्यासाठी सीडी४ हे प्रथिन लागते, ते डासाच्या पेशींवर नसते, आणि मग जेवणातल्या इतर प्रथिनांबरोबर तोही एक-दोन दिवसांत पचून जातो.

सोंडेला बाहेरून चिकटलेल्या रक्ताचे काय, असे कोणी विचारील. डास एका वेळी जेमतेम २ ते ३ मायक्रोलिटर रक्त पितो. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या एका मिलिलिटरमध्ये १ लाख विषाणू धरले, तरी भरल्या पोटात ते २०० ते ३०० होतात. सोंडेला लागून राहते ते रक्त याच्या कितीतरी पट कमी असते. दूषित पोकळ सुई रुग्णालयात चुकून टोचली, तरी लागण सुमारे ३०० प्रसंगांत एकदाच होते, हे येथे लक्षात घ्यावे.

फ्लोरिडातल्या बेल ग्लेड गावात १९८५च्या सुमारास डासांवरच संशय आला होता. तपासणीत २ ते १० वर्षांची मुले आणि साठीपुढची माणसे संसर्गमुक्त आढळली. डास तर वय पाहून चावत नाहीत.

अननसात दूषित रक्त टोचल्याचे जे संदेश दरवर्षी मोबाइलवर फिरतात, त्यांची लायकी मंतरलेल्या ताईताइतकीच आहे. विषाणू पसरतो तो असुरक्षित संभोगातून, सामायिक सुयांतून, दूषित रक्तातून आणि गर्भारपणात, प्रसूतीत वा स्तनपानात आईकडून बाळाला; एका ताटात जेवल्याने, खोकल्याने किंवा एकच शौचालय वापरल्याने नव्हे. नियमित औषधांनी रक्तातला विषाणू चाचणीत न सापडण्याइतका खाली राहिला, तर लैंगिक संबंधातूनही तो जोडीदाराकडे जात नाही.

राहिला काकूंच्या तळहातावरचा ठिपका. पोट भरलेली डासीण सहसा लगेच दुसऱ्याला चावत नाही. रक्त पचवून अंडी घालेपर्यंत दोन-तीन दिवस ती आडोशाला बसून राहते. तेव्हा इतके ताजे, लालभडक रक्त बहुधा काकूंचेच होते.