अमालेक आणि "तो काळच तसा होता" हे उत्तर

हिब्रू शास्त्रातल्या (ज्यूंचा धर्मग्रंथ, ख्रिस्ती बायबलचा जुना करार) देवाच्या हुकुमाने झालेल्या कत्तलींबद्दल प्रश्न विचारला की हमखास येणारं उत्तर म्हणजे, तो काळच तसा होता. मला हे उत्तर पटत नाही, आणि का ते शौलाच्या प्रकरणावरून नीट कळतं.

१ शमुवेल हे त्यातलं पुस्तक, अध्याय १५. शमुवेल संदेष्टा इस्राएलच्या शौल राजाला देवाचा हुकूम सांगतो की अमालेकी लोकांवर चालून जा, पुरुष, बायका, पोरं, अंगावर पिणारी बाळं, बैल, मेंढरं, उंट, गाढवं, कुणालाच सोडू नकोस. कारण काय तर इस्राएल इजिप्तमधून बाहेर पडत होते तेव्हा अमालेकने वाट अडवली होती, म्हणजे कथेच्याच हिशोबाने कित्येक पिढ्या आधी. शौल जातो, माणसं मारतो, फक्त अगाग राजाला आणि चांगली चांगली गुरंमेंढरं राखतो. शमुवेल येतो तर कानावर मेंढरांचं ओरडणं येतं आणि शौल तिथेच पकडला जातो. त्याचं राज्य गेलं ते मारलं म्हणून नाही, राखलं म्हणून. शेवटी अगागचे तुकडे शमुवेल स्वतःच्या हाताने करतो.

आता सात अध्याय पुढे जा. हाच शौल दावीदाला, म्हणजे पुढे राजा होणाऱ्या आपल्या प्रतिस्पर्ध्याला, मदत केल्याच्या संशयावरून नोब गावचे याजक मारायला लावतो, आणि तिथे पुन्हा जवळपास तीच यादी येते, पुरुष, बायका, पोरं, तान्ही बाळं, बैल, गाढवं, मेंढरं. फरक एवढाच की इथे तो राजाचा गुन्हा म्हणून सांगितलाय, शौलाचे स्वतःचे सैनिकसुद्धा हात उचलायला नकार देतात. म्हणजे बाळं मारणं भयंकर आहे हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत होतं, हुकूम कुणाचा यावर सगळं ठरत होतं. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात तर सरळ नियमच आहे की बापाच्या पापासाठी मुलांना जिवे मारू नये, आणि त्याच पुस्तकाच्या पुढच्या अध्यायात अमालेकचं नाव पुसून टाका असं सांगितलंय!

पुढे तालमूदच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मचर्चेच्या ग्रंथाच्या, रब्बींनी (धर्मपंडितांनी) ही दोन प्रकरणं शेजारी शेजारी ठेवली. त्यांचा शौल हुकूम ऐकून वाद घालतो, मोठ्यांनी पाप केलं असेल पण लहानांनी काय केलं, आणि माणसांनी केलं असेल पण गुरांनी काय केलं? त्यावर आकाशवाणी होते, फार धार्मिक होऊ नकोस. नोबच्या वेळी पुन्हा आवाज येतो, फार दुष्ट होऊ नकोस. शौलाला गप्प केलं जातं खरं, पण प्रश्न लिहून ठेवला गेला, दीड हजार वर्षांपूर्वी, आणि तोही आतल्याच माणसांनी. बाराव्या शतकातल्या एका मोठ्या धर्मशास्त्र्याने तर नियम घातला की अमालेकलासुद्धा आधी शांततेचा प्रस्ताव द्यायचा.

आसपास असंच चालायचं हे खोटं नाही. १८६८ साली जॉर्डनमध्ये इस्राएलशेजारच्या मवाब राज्याच्या मेशा राजाचा शिलालेख सापडला, इ.स.पू. ८४० च्या सुमाराचा, त्यात तो सांगतो की नबो गाव घेऊन तिथल्या ७,००० इस्राएली बायकापुरुषांना आपल्या देवाला अर्पण म्हणून मारलं. शब्दही हिब्रू शास्त्रातल्या या कत्तलींसाठी येतो तोच, हेरेम, म्हणजे देवाला वाहून समूळ नष्ट करणं.

दुसरा बचाव म्हणजे हे घडलंच नाही. यात तथ्य आहे. मोशेनंतरचा इस्राएलांचा पुढारी यहोशवा याने यरीहो आणि आय ही गावं घेऊन तिथले सगळे मारले अशीही कथा आहे, पण यरीहोत १९५२ ते १९५८ मध्ये खोदकाम झालं तेव्हा दिसलं की तटबंदीचं शहर इ.स.पू. १५५० च्या आसपासच नष्ट झालेलं होतं, यहोशवाचा काळ साधारण धरतात त्याच्या कितीतरी आधी, आणि आय म्हणून जी टेकडी दाखवतात ती तर त्या काळाआधी हजार वर्षं ओसाड पडलेली. बऱ्याच अभ्यासकांच्या मते या कथांना आजचं रूप इ.स.पू. सातव्या शतकात, योशीया राजाच्या सुमाराला आणि त्यानंतर यायला लागलं, अश्शूरी साम्राज्याच्या दहशतीनंतर. पण मला यात सुटका दिसत नाही, कारण न घडलेली कत्तल आदर्श म्हणून लिहून ठेवणं हाही एक नैतिक निर्णयच आहे, आणि वाचणारे ती घडली असं धरूनच वाचत आले.

१६८९ मध्ये न्यू इंग्लंडच्या एका धर्मोपदेशकाने सैनिकांपुढच्या प्रवचनात तिथल्या मूळ रहिवाशांना अमालेक म्हटलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझात फौज घुसवताना इस्रायलच्या पंतप्रधानांनी अमालेकने तुमच्याशी काय केलं ते आठवा असं म्हटलं, आणि डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेने इस्रायलवर नरसंहाराचा आरोप करत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दिलेल्या अर्जात ते वाक्य आलं. पंतप्रधान कार्यालयाचं म्हणणं असं की रोख हमासवर होता, हेच वचन होलोकॉस्टच्या स्मारकांवरही कोरलेलं आहे, त्याला नरसंहाराची हाक म्हणणं हा विपर्यास आहे. पंतप्रधान बोलले ते वचन अनुवाद २५ मधलं, आठवण ठेवायला सांगणारं. दक्षिण आफ्रिकेच्या अर्जात मात्र १ शमुवेल १५ मधला हुकूमही उद्धृत केलाय, तान्ह्या बाळांसकट.