चाचे की प्रायव्हेटियर? समुद्री कॅम्पेन आखण्याआधी हे ठरवा

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या रोलप्लेइंग गेमच्या टेबलावर कुणी ‘या वेळी पायरेट्स करूया’ म्हटलं की सगळे एका सुरात हो म्हणतात, पण प्रत्येकाच्या डोक्यातलं जहाज वेगळं असतं. एकाला लूट हवी असते, दुसरीला बंदरातलं राजकारण, तिसऱ्याला नुसता खांद्यावर पोपट. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, सेशन झिरोलाच (कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी गोष्ट, सुरू होण्याआधीच्या बैठकीत) एक गोष्ट विचारून घ्यावी: आपली पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, चाच्यांची आहे की प्रायव्हेटियरची?

लांबून दोघं सारखेच दिसतात. तेच जहाज, त्याच तोफा, तशीच दुसऱ्याच्या डेकवर उडी. फरक कागदाचा आहे. प्रायव्हेटियरकडे राजाची किंवा राणीची सनद असते, आणि त्या सनदेत कुणाला लुटायचं ते लिहिलेलं असतं. पकडलेलं जहाज बंदरात आणून न्यायालयासमोर उभं करायचं, न्यायालयाने ‘रास्त लूट’ म्हटलं की लिलाव, मग सरकारचा वाटा, मालकांचा वाटा आणि उरलेलं खलाशांना. चाच्याला यातलं काहीच नाही. कोपरखैरणे स्टेशनबाहेर परमिटची रिक्षा आणि बिनपरमिटची रिक्षा एकाच रस्त्यावरून सारख्याच बेफिकिरीने धावतात. फरक कळतो तो हवालदाराने हात दाखवल्यावर. प्रायव्हेटियरची ही पद्धत युरोपातल्या बहुतेक देशांनी 1856 च्या पॅरिस जाहीरनाम्याने बंद केली. तोवर ती राजरोस चालली होती.

गेमसाठी यातला सगळ्यात कामाचा माणूस म्हणजे विल्यम किड. त्याचा शेवट फाशीवर झाला हे बहुतेकांना ठाऊक असतं. तो निघाला होता सनद घेऊन, हे कमी जणांना. 1696 मध्ये त्याला फ्रेंच जहाजं आणि चाचे पकडायचा परवाना मिळाला, पाठीशी इंग्लंडमधले बडे उमराव. दीड-एक वर्ष हाती काही लागेना, खलाशी कुरबुरायला लागले. मलबार किनाऱ्याजवळ वादावादीत त्याने स्वतःच्या जहाजावरच्या गोलंदाजाच्या (तोफा सांभाळणाऱ्याच्या) डोक्यात लोखंडी पट्ट्यांची बादली घातली, तो मेला. मग जानेवारी 1698 मध्ये ‘क्वेडाग मर्चंट’ सापडलं. माल आर्मेनियन व्यापाऱ्यांचा, कप्तान इंग्रज, आणि कागद फ्रेंचांच्या अभयपत्राचा. किडने फ्रेंच निशाण लावून समोरच्याला ते अभयपत्र बाहेर काढायला लावलं आणि जहाज ताब्यात घेतलं. त्याच्या मते सगळं कायद्यात बसत होतं. दरम्यान लंडनमधलं वारं फिरलं होतं, उमरावांना आता तो ओळखीचाही नको होता, आणि खटल्याच्या वेळी हे आणि आधी धरलेल्या एका जहाजावरचं, अशी दोन्ही फ्रेंच अभयपत्रं कुणालाच सापडली नाहीत. 1701 मध्ये त्याला फाशी दिलं. पहिल्यांदा दोर तुटला, म्हणून पुन्हा चढवलं. अभयपत्रं पुढे विसाव्या शतकात लंडनच्या सरकारी दप्तरात सापडली.

या एका माणसात अख्खं कॅम्पेन बसलंय. इथे खजिना सोन्याचा नाही, दोन कागदांचा आहे. पार्टीला एक जहाज पकडू द्या, ज्याचे कागद एका राज्याचे, कप्तान दुसऱ्याचा आणि माल तिसऱ्याचा असेल. निशाण खोटं लावायचं का, हे खेळाडूंनाच ठरवू द्या. कागद कुणाच्या हाती सोपवले ते लिहून ठेवा आणि पाच-सहा सेशन गप्प बसा.

चाच्यांच्या कॅम्पेनची गंमत जहाजाच्या आत असते. तिथे कप्तानाचा शब्द फक्त लढाईत आणि पाठलागात चालायचा. एरवी मतं मोजली जायची, आणि कप्तानाला वेसण घालायला क्वार्टरमास्टर असायचा. अठराव्या शतकातला चाचा बार्थोलोम्यू रॉबर्ट्स याच्या जहाजावरचा करारनामा प्रसिद्ध आहे: प्रत्येकाला मत, कप्तान आणि क्वार्टरमास्टरला लुटीचे दोन-दोन हिस्से, गोलंदाजासारख्यांना दीड, आणि लढाईत हातपाय गमावलेल्याला भरपाई. माझं ठाम मत आहे की पहिल्या सेशनचा एक तास खेळाडूंना असा करारनामा लिहायला द्यावा. नेरूळच्या आमच्या टेबलावर ड्रॅगनपेक्षा जास्त भांडण ‘विझर्डने (जादूगाराने) लढाईत एकही फटका खाल्ला नाही, तरी त्याला पूर्ण हिस्सा का’ यावर झालं, आणि ते भांडण कॅरॅक्टरमध्ये राहून, म्हणजे पात्रांच्या तोंडून, झालं. ‘कप्तान कोण’ हा प्रत्येक समुद्री कॅम्पेनचा दुखरा प्रश्नही इथे आपोआप सुटतो, कारण कप्तान मतांनी बदलता येतो. प्रायव्हेटियरच्या जहाजावर तसं नाही. तिथे जहाज भागीदारांचं असतं आणि कप्तान त्यांनी नेमलेला. तो एनपीसी (डीएमने चालवायचं पात्र) ठेवा आणि त्याच्या खालच्या जागा पार्टीला द्या. एकाच मित्राने बाकीच्या चौघांना हुकूम सोडत बसणं चार रविवारांच्या वर टिकत नाही.

लूट विकण्याचा भाग पटकन सांगतो. चाचा पडेल भावात, आडबंदरात विकतो. प्रायव्हेटियरला पूर्ण भाव मिळतो, पण निकालापर्यंत थांबावं लागतं.

आता आपल्या किनाऱ्याचं. ठाणे, बेलापूर, पनवेल इथल्या मुलांसमोर पायरेट हा शब्द काढला की कुणीतरी कान्होजी आंग्र्यांचं नाव घेतंच, आणि लगेच दुसरा कुणी चिडतो. चिडणाऱ्याचं बरोबर आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत ते पायरेट आहेत. मराठी कागदांत ते सरखेल आहेत, आरमाराचे प्रमुख. ते चाचे नव्हते आणि प्रायव्हेटियरही नव्हते. कुलाबा आणि विजयदुर्ग हातात ठेवून आपल्या पाण्यातून जाणाऱ्याने आपलं दस्तक घ्यावं, नाहीतर जहाज जप्त, असा त्यांचा कारभार होता. पोर्तुगीज याआधीपासून नेमका हाच व्यवहार ‘कार्ताझ’ नावाच्या परवान्याने करत आले होते. 1712 मध्ये आंग्र्यांच्या आरमाराने मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची खाजगी नौका धरली. 1718 मध्ये इंग्रज खांदेरीवर चालून आले आणि हात हलवत परतले. 1721 मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर आले, तरी तेच.

म्हणून तुमच्या जगात ‘चाचा’ हे कुणाच्या वहीतलं नाव आहे, हे आधी लिहून ठेवा. एकाच समुद्रावर दोन सत्ता परवाने देत असतील, तर एकीच्या लेखी रखवालदार असलेला दुसरीच्या लेखी लुटारू होतो, मग कागद कितीही खरा असो. पार्टीच्या पेटीत दोन्हीकडची पत्रं ठेवा आणि समोरून येणाऱ्या जहाजाचं निशाण अंधारात ओळखायला लावा. वीस बाजूंचा फासा त्या क्षणाला जेवढा जड वाटतो तेवढा तलवारीच्या घावाला वाटत नाही.

ठाण्याच्या किल्ल्यावरून आणखी एक सुचतं. तो 1737 मध्ये पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी घेतला आणि 1774 मध्ये इंग्रजांनी मराठ्यांकडून. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. खाडीच्या तोंडावर असाच एक किल्ला काढा, पार्टीला महिनाभर समुद्रावर पाठवा आणि परत येईपर्यंत बुरुजावरचं निशाण बदला. सनद कालच्या राजाची. आतली लूट आता कुणाची? चाच्यांच्या पार्टीला या प्रसंगाचं काहीच वाटणार नाही, ते वळून दुसऱ्या खाडीत जातील. प्रायव्हेटियर मात्र अडकतात, आणि मला डीएम म्हणून अडकलेली माणसं जास्त आवडतात.

जहाजंही इथलीच घ्या. मोठी तोफांची गुराब आणि वल्ह्यांवर चालणारं हलकं गलबत ही जोडी गेमसाठी बनवल्यासारखी आहे. वारा पडला की गलबतं गुराबेला ओढून जागेवर आणायची. म्हणजे दोन जहाजं, दोन कामं, आणि पार्टी आपोआप दोन गटांत. खाडीत तर भरती-ओहोटी हाच तिसरा पक्ष: साधारण सहा तासांनी पाणी उलटं फिरतं, आणि वाशी पुलावरून ओहोटीच्या वेळी नजर टाकली की चिखल किती दूरवर उघडा पडतो ते कळतं. तिवरांत लपलेलं गलबत भरती येईपर्यंत हलू शकत नाही, हे नियम न सांगताही खेळाडूंना पटतं.

जादूचं मात्र आधी बघून ठेवा. इंग्रज प्रायव्हेटियर हेन्री मॉर्गनने 1671 मध्ये पनामा लुटलं तेव्हा इंग्लंड आणि स्पेनचा तह आदल्या वर्षीच झाला होता. त्याला पकडून लंडनला नेलं, आणि मग 1674 मध्ये ‘सर’ करून जमैकाला उपगव्हर्नर म्हणून पाठवलं. तहासारख्या उशिरा पोचणाऱ्या बातमीवर बेतलेली अशी गोष्ट तुमच्या जगात टिकत नाही, कारण कुणीही साधा क्लेरिक (देवाच्या कृपेने मंत्र टाकणारा पुजारी) जादूने निरोप पाठवतो. तसंच, खरं बोलायला लावणारा मंत्र न्यायालयात चालत असेल तर किडचा खटला पाच मिनिटांत संपतो. मी माझ्या जगात न्यायालयाच्या आवारात मंत्रांना बंदी ठेवली आहे, आणि कारण राजकीय दिलंय: न्यायाधीशालाही प्रश्न विचारला जाऊ शकतो.

टेबल नवं असेल तर प्रायव्हेटियरपासून सुरुवात करा. सनद छापून हातात द्या, त्यावर शत्रूचं नाव आणि संपण्याची तारीख घाला. पार्टीला चाचे व्हायचंच असेल, तर ती तारीख उलटल्यावर ते आपणहून होतील.