रात्री दहाच्या आत घरात

नव्वदच्या दशकात शुक्रवारी रात्री रेक्याविकच्या मध्यवस्तीतून चालत जाणं लोक टाळायचे. रस्त्यावर झिंगलेल्या पोरापोरींचे घोळके असत आणि त्यातली बरीच जण जेमतेम पंधरा-सोळा वर्षांची. रेक्याविक ही आइसलँडची राजधानी. आजही या अख्ख्या देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे, म्हणजे आपल्याकडचं एखादं मध्यम शहर. १९९८ च्या पाहणीत तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी लिहिलं होतं, की गेल्या महिन्याभरात आपण एकदा तरी दारू पिऊन तर्र झालो होतो. रोज सिगारेट ओढणारी २३ टक्के होती, गांजा ओढून पाहिलेली १७ टक्के. २०१६ साली त्याच वयाच्या मुलांनी उत्तरं दिली तेव्हा हे तीन आकडे अनुक्रमे ५, ३ आणि ७ टक्क्यांवर आले होते.

अठरा वर्षांत एवढा फरक पडतो, तेव्हा त्याचं कारण मुलांच्या स्वभावात शोधून चालत नाही. १९९८ ची मुलं वाया गेलेली आणि २०१६ ची गुणी, असं काही नसतं. बेट तेच होतं, आणि डिसेंबरात चारेक तास उजेड देऊन मावळणारा सूर्यही तोच. बदललं ते मुलांच्या भोवतालचं जग. ते कसं बदललं, हे मला फार मोलाचं वाटतं, कारण मुलांविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा एकेका मुलाविषयी आणि एकेका घराविषयी बोलतो. ‘त्यांचा मुलगा बिघडला’, ‘तिच्या आईचं लक्ष नाही’, आणि विषय तिथंच संपतो.

सुरुवात झाली एका प्रश्नावलीपासून. १९९२ मध्ये देशभरातल्या शाळांत चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांकडून ती भरून घेतली, १९९७ मध्ये पुन्हा. दारू प्यायलीस का, सिगारेट ओढतोस का, हे प्रश्न त्यात होतेच. पण आई-वडिलांबरोबर किती वेळ जातो, संध्याकाळी कुठं असतोस, आठवड्यातून किती वेळा खेळायला जातोस, हेही विचारलं होतं. इंगा डोरा सिगफुसडोत्तिर ही तेव्हाची तरुण संशोधक आणि तिचे सहकारी या उत्तरांचा ताळा जमवत बसले. अमेरिकेतून येणारे मानसशास्त्रज्ञ हार्वे मिल्कमन त्यांच्याबरोबर होते. दारू-सिगारेटपासून लांब राहिलेल्या मुलांच्या आयुष्यात काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसत होत्या. ती मुलं आठवड्यातून तीन-चार वेळा नियमाने खेळायला किंवा एखाद्या कलेच्या वर्गाला जात. आई-वडिलांबरोबर त्यांचा बराच वेळ जाई. शाळेत आपली कुणाला तरी काळजी आहे असं त्यांना वाटे. आणि रात्री उशिरापर्यंत ती बाहेर नसत.

व्यसनाचे दुष्परिणाम सांगणारी भाषणं शाळांत तोवर भरपूर होऊन गेली होती. त्यांचा फारसा उपयोग झाला नव्हता.

आई-वडिलांच्या वेळेबद्दल इथं थोडं थांबायला हवं. रविवारी एकदा मुलांना बाहेर जेवायला नेलं, वर्षातून एक सहल काढली की झालं, अशी बऱ्याच आई-बापांची समजूत असते. थोडाच पण छान वेळ! आइसलँडमधल्या पालकांना सांगितलं गेलं, की वेळ किती हेही मोजलं जातं. रोजच्या संध्याकाळचा, काही विशेष न घडणारा, एकाने भाजी चिरावी आणि दुसऱ्याने तिथंच टेबलावर गणितं सोडवावीत असा वेळ. आठवड्याच्या कामाच्या दिवसांत आई-वडिलांबरोबर नेहमी किंवा बहुतेक वेळा असतो, असं सांगणारी मुलं १९९७ मध्ये २३ टक्के होती. २०१२ पर्यंत ती ४६ टक्के झाली.

पण या वयात मुलं घरच्यांपेक्षा मित्रांचं ऐकतात, हे तर आपण रोज बघतो. मग एकट्या आई-बापाने किती पुरे पडायचं?

अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवायचा साधा खेळ. सिग्नल पिवळा होतो. गाडी जितकी पुढे न्याल तितके जास्त गुण, पण कोणत्याही क्षणी लाल दिवा लागून गाडी आदळू शकते, आणि मग कमावलेलं सगळं जातं. १३ ते १६ वर्षांची मुलं, १८ ते २२ चे तरुण आणि २४ च्या पुढची मोठी माणसं, असे तीन गट. काही जण एकटे खेळले, काहींच्या बाजूला त्यांच्याच वयाचे दोघे बसले. मोठ्यांना कुणी बघतंय की नाही याने काही फरक पडला नाही. मधल्या गटाने सोबत्यांपुढे साधारण दीडपट धोका पत्करला, आणि किशोरवयीन मुलांनी दुपटीहून जास्त. एकटा असताना सिग्नलला थांबणारा तोच मुलगा मित्र बघत असले की गाडी दामटतो.

२०११ मध्ये याच धर्तीचा खेळ मेंदूचं स्कॅनिंग करत खेळवला. मित्र शेजारच्या खोलीतून पडद्यावर बघताहेत, एवढंच मुलांना ठाऊक होतं. तेवढ्याने त्यांच्या मेंदूतले बक्षिसाला, मजेला प्रतिसाद देणारे भाग जास्त उजळले. आवर घालणाऱ्या भागांत मात्र मित्र असल्या-नसल्याचा तसा फरक दिसला नाही. म्हणजे धोका कळत नाही असं नाही; मित्रांसमोर मजेचं पारडं जड होतं. मला वाटतं, पोरगं मुद्दाम आपल्या विरोधात वागतंय असं वाटणाऱ्या प्रत्येक बापाने हे एकदा वाचावं. शिवाय हीच ओढ मुलाला पहाटे पाच वाजता कबड्डीच्या सरावालाही नेते, कारण संघातली पोरं वाट बघत असतात.

आइसलँडने मित्रांना शत्रू मानलं नाही, ही या कहाणीतली मला सर्वांत आवडलेली बाजू. त्यांनी मित्रांच्या आई-वडिलांना एकत्र आणलं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी १९८८ मध्ये एक साधी गोष्ट मांडली होती: मुलं एकमेकांना ओळखत असतील आणि त्यांचे पालकही एकमेकांना ओळखत असतील, तर मुलांभोवती एक जाळं पूर्ण होतं आणि नियम टिकतात. चाळीत वाढलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकू मला जिन्यात थांबवून ‘आईला विचारलंस का?’ म्हणायच्या, आणि त्यांना तो हक्क आहे का, हा प्रश्न कुणाच्या मनातही येत नसे.

तिथं हे जाळं ठरवून विणलं गेलं. प्रत्येक शाळेत पालकांची संघटना असणं कायद्याने आलं. पालक एकत्र बसून करारावर सह्या करू लागले: मुलांना मोठ्यांविना पार्टी करू देणार नाही, अल्पवयीनांना दारू आणून देणार नाही, दुसऱ्याच्या मुलांवरही लक्ष ठेवू. ‘सगळ्यांना परवानगी आहे, फक्त मलाच नाही’ हे मुलांचं हुकमी अस्त्र तिथं बोथट झालं, कारण सगळ्यांच्या आई-बापांनी एकाच कागदावर सही केलेली असे. शनिवार-रविवारला लागून येणाऱ्या रात्री पालकांचे लहान गट वस्तीतून फेरफटका मारू लागले. कुणाला पकडायला किंवा रागवायला नव्हे. नुसतं दिसायचं, थांबून विचारपूस करायची, कुणी अडचणीत असेल तर घरी पोचवायचं.

सरकारही मागे राहिलं नाही. तंबाखू अठराखालच्यांना आणि दारू विसाखालच्यांना विकायची नाही. दोन्हींच्या जाहिराती बंद. १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर आणि उन्हाळ्यात बारानंतर मोठ्यांविना बाहेर राहायचं नाही. कायद्याने सज्ञान होण्याचं वय १९९८ पासून सोळावरून अठरावर नेलं, त्यामुळे आई-बापांची जबाबदारी दोन वर्षांनी लांबली. आणि नुसतं ‘घरी बस’ म्हटलं नाही. क्रीडा, संगीत, नाच, चित्रकला यांच्यासाठी पैसा ओतला, आणि रेक्याविकमध्ये २००७ पासून प्रत्येक मुलाला फी भरण्यासाठी रक्कम मिळू लागली, म्हणजे गरीब घरातलं मूल मैदानाबाहेर राहू नये. या खर्चाशिवाय बाकीचं सगळं नुसती जाचाची नियमावली झाली असती, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता शंका. हा काही प्रयोगशाळेतला प्रयोग नव्हता. उपाय न केलेलं दुसरं आइसलँड तुलनेला नाही. त्याच काळात युरोपातल्या इतर अनेक देशांतही किशोरवयीन मुलांचं पिणं कमी झालं, म्हणून सगळं श्रेय याच उपायांना देता येत नाही. तरी आइसलँडमधली घट फार मोठी आहे. चार लाखांच्या श्रीमंत देशात जे जमतं ते दोन कोटींच्या मुंबईत जसंच्या तसं उचलून लावता येणार नाही, हेही खरं. पालकांचा करार मात्र एका वर्गापुरता, एका सोसायटीपुरताही होऊ शकतो.

उचलण्याजोगी आणखी एक सवय तिथं आहे. पाहणी थांबलेली नाही. मुलं प्रश्नावली भरतात आणि साधारण दोन महिन्यांत त्या त्या शाळेचे, त्या त्या गावाचे आकडे तिथल्याच पालकांपुढे आणि शिक्षकांपुढे ठेवले जातात. देशाची सरासरी ऐकून कुणी उठत नाही. आपल्या शाळेतल्या मुलांचा आकडा ऐकला की सभेला बसलेला माणूस सावरून बसतो. मध्यंतरी ई-सिगारेट आली तेव्हा मुलांच्या हातातली ती नवी वस्तू या पाहण्यांतही उमटली. २०१८ मध्ये संसदेने तिच्यासाठी वेगळा कायदा केला, आणि प्रश्नावलीत नवे प्रश्न आले.