रिकामं ग्राफिक्स कार्ड, पल्सारचा शोध आणि विजेचं बिल

गेमसाठी घेतलेलं ग्राफिक्स कार्ड दिवसातला बराच वेळ रिकामंच असतं. ‘बॉइंक’ हा मोफत प्रोग्रॅम बसवला, की ते आइन्स्टाइन अ‍ॅट होम या २००५ पासून चाललेल्या प्रकल्पासाठी पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत ठोके पाठवणारे गरगर फिरणारे मृत तारे, शोधू लागतं. प्रकल्प कामाचे छोटे तुकडे इंटरनेटवरून तुमच्या संगणकाला पाठवतो. पल्सारचे ठोके दुर्बिणीच्या नोंदींत गोंगाटाखाली दबलेले असतात. ते पकडायला एकच गणित असंख्य अंदाजांवर करून बघावं लागतं, आणि कार्डातले हजारो छोटे गणक नेमके त्यासाठीच बनलेत. जिथे पुढची पायरी मागच्या उत्तरावर अडते, तिथे मात्र सीपीयू, म्हणजे संगणकाचा मुख्य प्रोसेसरच बरा.

आधी ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर बघा. विंडोजने आपोआप टाकलेल्या ड्रायव्हरमध्ये कधीकधी ओपनसीएल, म्हणजे कार्डावर गणितं चालवायची सोय नसते, मग बॉइंकला कार्ड सापडत नाही; कार्डाच्या कंपनीच्या साइटवरचा घ्या. विंडोजवर बॉइंक सर्व्हिस म्हणून, म्हणजे लॉगिनशिवाय मागे चालणारं म्हणून बसवलं तरी हेच होतं. लिनक्सवर बॉइंकच्या युजरला ‘व्हिडिओ’ आणि ‘रेंडर’ गटांत घालावं लागतं.

आता बिल. कार्डासकट संगणक २०० वॉट ओढत असेल, तर रोज १० तासांचे २ युनिट, महिन्याचे ६०. महावितरणचा दर १०० युनिटांनंतर चढतो, तेव्हा हे ६० बहुधा महागड्या टप्प्यातच पडतात. म्हणून कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे वीज ओढायची कमाल मर्यादा, ७० टक्क्यांवर आणा. वेग तेवढ्या प्रमाणात घटत नाही, कारण वरच्या फ्रिक्वेन्सीला व्होल्टेजही जास्त लागतं आणि वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. कोल्हापूरच्या एप्रिल-मेमध्ये कार्ड थंड राहतं, हा वरचा फायदा.

ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे कार्ड ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, तर नकोच. गेममध्ये एखादा पिक्सेल चुकला तर कुणाला कळत नाही. इथे कामाचा तोच तुकडा दुसऱ्या संगणकाकडेही जातो, उत्तरं जुळली नाहीत की तिसऱ्याकडे, आणि तुमचं चुकलेलं उत्तर बाद. वीज मात्र जळालेली असते.

उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या ऑफिसात संगणक असेल तर जास्त जपा. लोखंडाची भुकटी वीजवाहक असते. पंख्याने आत ओढली तर शॉर्ट होऊ शकतो. तिथे केसला जाळी हवीच.

वीज गेली तर शेवटच्या चेकपॉइंटनंतरचंच, म्हणजे शेवटचं सेव्ह झाल्यानंतरचंच काम वाया जातं. पण कामाला मुदत असते, तेव्हा बॉइंकमध्ये आगाऊ कामाचा साठा ०.१ दिवसाइतकाच ठेवा. सीपीयूचा एक कोअर, म्हणजे त्यातला एक स्वतंत्र गणकही मोकळा सोडा. कार्डाला काम पुरवायला तो लागतो, आणि तो गुंतलेला असला की महागडं कार्ड नुसतं वाट बघत बसतं.