टायटन आणि गिगांत: झ्यूसच्या दोन वेगळ्या लढाया

ग्रीक पुराणकथा मराठीत थोडक्यात सांगताना एक वाक्य सहज लिहून जातं: झ्यूसने राक्षसांना हरवलं आणि ऑलिंपसवर देवांचं राज्य सुरू झालं. झ्यूस म्हणजे ग्रीक देवांचा राजा, ऑलिंपस म्हणजे त्या देवांचा पर्वत. या वाक्यात दोन लढाया एकमेकींत मिसळतात. एक टायटनांशी झाली, दुसरी गिगांतांशी. इंग्रजीत ज्यांना जायंट म्हणतात ते हे गिगांत. टायटन आणि गिगांत दोघंही गाइयाची, म्हणजे पृथ्वीची लेकरं. दोघंही झ्यूसशी लढले आणि दोघंही हरले, त्यामुळे घोटाळा होणं साहजिक आहे. पण टायटन देव आहेत आणि गिगांत देव नाहीत. हा फरक हातात आला की दोन्ही कथांमधले बहुतेक तपशील आपोआप आपापल्या जागी बसतात.

सुरुवात जन्मापासून करू. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास हेसिअड या कवीने 'थिऑगनी' या काव्यात देवांची वंशावळ सांगितली. गाइया आणि उरानोस (आकाश) यांना बारा टायटन झाले, सहा मुलगे आणि सहा मुली. ओकेआनोस, कोइओस, क्रिओस, हायपेरिऑन, इआपेटोस आणि सगळ्यांत धाकटा क्रोनोस हे मुलगे. थेइआ, रिआ, थेमिस, म्नेमोसिनी, फीबी आणि टेथिस या मुली. त्यांच्यानंतर एक डोळ्याचे तीन सायक्लोप्स आणि शंभर हातांचे तीन भाऊ जन्मले. उरानोसला आपल्या पोरांचा तिटकारा होता. तो त्यांना गाइयाच्याच पोटात कोंडून ठेवू लागला. वेदनेने कळवळलेल्या गाइयाने एक विळा घडवला आणि मुलांना विचारलं, कोण तयार आहे? एकटा क्रोनोस पुढे आला. त्याने दबा धरून बापाचं लिंग कापलं.

गिगांतांचा जन्म इथला आहे. जखमेतलं रक्त जमिनीवर सांडलं आणि गाइयाने ते पोटात घेतलं. कालांतराने त्यातून सूड घेणाऱ्या एरिनिस देवता, अॅश वृक्षांच्या अप्सरा आणि गिगांत जन्मले. म्हणजे टायटन हे एका जोडप्याची रीतसर संतती आहेत, तर गिगांत त्या घरातल्या हिंसेचं फळ. रक्त एकाच बापाचं असलं तरी गिगांतांना त्या घराण्यात कधी वाटा मिळाला नाही. हेसिअड त्यांच्याबद्दल फार बोलतही नाही. ते मोठे होते, त्यांची शस्त्रं चकाकत होती आणि हातांत लांब भाले होते, एवढं सांगून तो पुढे जातो.

टायटनांची कथा मात्र तो मन लावून सांगतो. राज्य क्रोनोसकडे आलं, पण आपलाही मुलगा आपल्याला पाडेल ही भीती त्याला सोडेना. म्हणून बहीण आणि पत्नी असलेल्या रिआला झालेलं प्रत्येक मूल तो गिळत गेला. झ्यूसच्या वेळी रिआने बाळाऐवजी दुपट्यात गुंडाळलेला दगड पुढे केला. झ्यूस वाढला, क्रोनोसला गिळलेली मुलं ओकावी लागली आणि मग दोन पिढ्या समोरासमोर आल्या. जुने देव ऑथ्रिस पर्वतावर, नवे ऑलिंपसवर. दहा वर्षं कोणीच जिंकेना. शेवटी गाइयाच्याच सल्ल्याने झ्यूसने शंभर हातांच्या भावांना कैदेतून सोडवलं आणि त्यांना अमृतान्न खाऊ घातलं. मग तिघांच्या तीनशे हातांनी एकाच वेळी तीनशे खडक भिरकावले, वरून झ्यूसच्या विजा कोसळल्या आणि टायटन पडले.

पण ते मेले नाहीत. ते अमर आहेत, त्यामुळे मरू शकत नव्हते. झ्यूसने त्यांना टार्टारोसमध्ये डांबलं. ही जागा किती खोल हे हेसिअड असं सांगतो: पितळी ऐरण आकाशातून सोडली तर नऊ दिवस नऊ रात्री पडत राहून दहाव्या दिवशी जमिनीवर पोचेल, आणि तिथून टार्टारोसपर्यंत जायला पुन्हा तेवढाच वेळ लागेल. समुद्रदेव पोसायडनने तिथे पितळी दारं बसवली आणि शंभर हातांचे भाऊ पहाऱ्याला राहिले. हरलेल्या राजघराण्याला असं कोंडून ठेवावं लागतं, कारण त्याला संपवता येत नाही. पिंडार या कवीच्या एका ओळीत तर झ्यूसने पुढे टायटनांना मुक्त केल्याचा उल्लेख आहे. गिगांतांना अशी सुटका शक्यच नव्हती, कारण सोडवायला कोणी जिवंत उरलंच नव्हतं.

सगळे टायटन झ्यूसचे शत्रू होते असंही नाही, आणि मला वाटतं घोटाळ्याचं मूळ इथेच आहे. रिआ तर त्याची आईच. थेमिस आणि म्नेमोसिनी त्याच्या पत्नी झाल्या. थेमिसपासून ऋतुदेवता आणि नियतीच्या तीन देवता, म्नेमोसिनीपासून कलांच्या नऊ देवता. ओकेआनोसची मुलगी स्टिक्स ही झ्यूसच्या बाजूने सर्वांत आधी आली, म्हणून देवांची शपथ तिच्या पाण्यावर घेतली जाऊ लागली. अपोलो आणि आर्टेमिस हे कोइओस आणि फीबी यांचे नातू-नात. सूर्य, चंद्र आणि उषा ही हायपेरिऑन आणि थेइआची मुलं. ऑलिंपसच्या देवांमधून टायटनांचं रक्त काढायला गेलं तर मागे जवळजवळ काहीच राहणार नाही. आपल्याकडे कश्यपाच्या घरी अदितीला आदित्य आणि दितीला दैत्य झाले, तिथेही सावत्र भावांचंच वैर आहे. पण टायटनांना सरसकट दैत्य म्हणणं मला पटत नाही. ऋग्वेदात वरुणाला मानाने असुर म्हटलं आहे. टायटन त्या जुन्या असुराच्या जास्त जवळचे वाटतात: थोरले देव, ज्यांचा काळ संपला.

गिगांतांची लढाई सविस्तर वाचायची तर बऱ्याच पुढच्या काळात यावं लागतं. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ग्रंथात ती नीट सापडते. आता झ्यूसचं राज्य स्थिर आहे आणि टायटन कैदेत आहेत. आपली मुलं अशी डांबलेली पाहून गाइया संतापते आणि गिगांतांना देवांवर सोडते. ज्या पृथ्वीने आधी झ्यूसला विजयाचा मार्ग दाखवला तीच आता त्याच्या विरुद्ध उभी राहते. लढाई होते फ्लेग्रा किंवा पालेनी इथे, म्हणजे उत्तर ग्रीसच्या किनाऱ्यावर. गिगांत आकाशाकडे खडक आणि पेटलेले ओक वृक्ष भिरकावतात.

या लढाईला एक अट आहे, आणि दोन्ही कथांतला सगळ्यांत मोठा भेद त्या अटीत आहे. देवांच्या हातून गिगांत मरणार नाहीत, पण एखादा मर्त्य माणूस देवांच्या बाजूने लढला तर मरतील, अशी भविष्यवाणी असते. गाइया ही अट मोडून काढणारी वनस्पती शोधायला निघते. झ्यूस सूर्य, चंद्र आणि उषेला उगवायला मनाई करतो, अंधारात स्वतः ती वनस्पती कापून घेतो आणि आपली मुलगी अथीना हिच्याकरवी हेराक्लीस या वीराला, म्हणजे हर्क्युलिसला, बोलावतो. टायटनांची मुलं इथे झ्यूसची आज्ञा पाळत आहेत, हे नजरेतून सुटू देऊ नका.

अल्किओनेउस हा गिगांत जन्मभूमीवर असेपर्यंत मरत नाही. बाण लागून पडला तरी जमिनीला टेकताच पुन्हा उठतो. अथीनाच्या सांगण्यावरून हेराक्लीस त्याला पालेनीच्या हद्दीबाहेर ओढत नेतो, आणि मग तो मरतो. एफिआल्टीसच्या डाव्या डोळ्यात अपोलोचा बाण घुसतो, उजव्यात हेराक्लीसचा. हेकाटी मशालींनी मारते, हेफेस्टस तापून लाल झालेला धातू फेकतो, नियतीच्या देवता पितळी सोटे घेऊन उतरतात. पळणाऱ्या एन्केलाडोसवर अथीना अख्खं सिसिली बेट टाकते. पोसायडन कोस बेटाचा तुकडा तोडून पॉलिबोटीसवर फेकतो आणि तेच निसिरोस बेट होतं. निसिरोस खरोखरच ज्वालामुखीचं बेट आहे आणि सिसिलीत एटना धुमसतो, त्यामुळे खाली कोणीतरी गाडला गेला आहे हे लोकांना पटायला फार वेळ लागला नसणार. शेवटी मरणाऱ्या प्रत्येक गिगांतावर हेराक्लीस बाण सोडतो, कारण अट पुरी व्हायला हवी.

काळाचा प्रश्नही इथेच सुटतो. हेराक्लीस पर्सेउस या मर्त्य वीराच्या वंशातला, एका मानवी स्त्रीचा मुलगा. माणसांच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्यावरच ही लढाई होऊ शकते. टायटनांची लढाई माणसांच्या हकिकतीआधीची आहे आणि तिच्यात माणसाला काहीच काम नाही. टायटनांशी झाली ती भाऊबंदकी आणि गिगांतांकडून आलं ते परचक्र, असं मी म्हणेन.

म्हणूनच शहरांना आणि राजांना दुसरी लढाई प्रिय झाली. बापाला कैदेत टाकल्याचा देखावा देवळावर कोरून कोण मिरवणार? प्राचीन ग्रीक कलेत टायटनांची लढाई जवळजवळ दिसत नाही, गिगांतांची मात्र जागोजागी दिसते. डेल्फीमधल्या सिफ्नोसच्या कोषागारावर (इसवी सनापूर्वी ५२५ च्या सुमारास) ती आहे. अथेन्समधल्या पार्थेनॉन या अथीनाच्या मंदिराच्या पूर्वेकडच्या चौदा शिल्पपट्टांवर ती आहे. अथीनाला पानाथेनाइया उत्सवात अर्पण होणाऱ्या वस्त्रावरही ती विणलेली असे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पर्गामोनच्या महावेदीवर ती सुमारे ११३ मीटर लांबीच्या पट्टीत कोरली गेली, आणि आज ते शिल्प बर्लिनमध्ये आहे. त्या पट्टीत फीबी गिगांतांवर मशाल रोखून उभी आहे आणि ओकेआनोसही देवांच्या बाजूने लढतो आहे. टायटन कोण आणि गिगांत कोण याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा मला माहीत नाही.

तरीही गोंधळ जुनाच आहे. युरिपिडीसच्या 'हेकाबी' नाटकातल्या बंदिवान स्त्रिया अथीनाच्या वस्त्राबद्दल बोलतात तेव्हा त्यावर टायटन असल्याचं म्हणतात. इसवी सनापूर्वी २७९ मध्ये डेल्फीवर चालून आलेल्या केल्ट टोळ्यांना कॅलिमाकस हा कवी उशिरा जन्मलेले टायटन म्हणतो, जेव्हा ते वर्णन गिगांतांना जास्त शोभलं असतं. खगोलशास्त्रातही तेच. १८४७ मध्ये जॉन हर्शलने शनीच्या चंद्रांना नावं दिली. शनी म्हणजे रोमन सॅटर्न, ग्रीकांचा क्रोनोस, म्हणून त्याच्या भावंडांची नावं घ्यायची कल्पना होती. टेथिस, रिआ आणि इआपेटोस ही नावं त्यात चपखल बसतात, पण मिमास आणि एन्सेलाडस (म्हणजे वरचा एन्केलाडोस) हे दोघं गिगांत आहेत.

चित्रात किंवा शिल्पात ओळखायचं असेल तर एक सावधगिरी बाळगा. सापाच्या पायांचे गिगांत नंतरच्या काळातले. इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकांतल्या भांड्यांवर ते शिरस्त्राण, ढाल आणि भाला घेतलेल्या साध्या ग्रीक शिपायांसारखे दिसतात, आणि अथीना किंवा हेराक्लीस समोर असला तरच ओळख पटते. सापाचं शरीर, पंख आणि समोर एकटा झ्यूस असेल तर तो टायफॉन, गाइयाचं आणखी एक भयंकर अपत्य, या दोन्ही गटांबाहेरचं. आणि ऑलिंपसवर ओसा आणि ओसावर पेलिऑन असे डोंगर रचून आकाशाला भिडू पाहणारे ओटोस आणि एफिआल्टीस हे तिसरेच. त्यांतल्या एकाचं नाव एका गिगांताचंही आहे, पण होमरच्या 'ओडिसी'त हे दोघं पोसायडनचे मुलगे आहेत आणि दाढी फुटण्याआधीच अपोलोने त्यांना मारलं आहे.