संकेत अति झाला की कर्कपेशीही मरते

फुप्फुसाच्या कॅन्सरमधली दोन बदनाम जनुकं म्हणजे ईजीएफआर आणि के-रास. ईजीएफआरचं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असतं. वाढीचा संकेत बाहेरून आला की ते आत कळवतं, के-रास तो पुढे नेतं, आणि शेवटी ईआरके नावाचं प्रथिन पेशीला विभाजनाला लावतं. यातलं एक जनुक बिघडलं, की बाहेरून कुणी सांगितलेलं नसतानाही पेशी वाढत सुटते.

मग दोन्ही बिघडली तर कॅन्सर आणखी फोफावायला हवा. पण फुप्फुसाच्या अॅडेनोकार्सिनोमात, म्हणजे तिथल्या सर्वाधिक आढळणाऱ्या कॅन्सरमध्ये, ही दोन म्युटेशन्स (जनुकातले बिघाड) एकाच गाठीत क्वचितच सापडतात. एकानेच भागतं, दुसऱ्याची गरज काय, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जाई.

नोबेलविजेते हॅरल्ड व्हार्मस यांच्या गटाने २०१५ मध्ये ते तपासलं. ईजीएफआर आधीच बिघडलेल्या मानवी कर्कपेशी त्यांनी घेतल्या आणि डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक घातलं की बिघडलेलं के-रासही सुरू होईल, अशी सोय केली. औषध पडल्यावर पेशींच्या आत मोठमोठे बुडबुडे तयार झाले आणि पेशी मरू लागल्या. गरज नसणं वेगळं आणि सोसवत नसणं वेगळं. २०१८ मध्ये याच संशोधकांनी दाखवलं, की मारक ठरतो तो ईआरकेचा अतिरेक. ईआरके कमी केलं तर पेशी तगतात. ईआरकेला आवर घालणारं डीयूएसपी६ हे प्रथिन अडवलं, तर अशा कर्कपेशी दुसरं म्युटेशन नसतानाही मरतात.

म्हणजे ऑसिमर्टिनिबसारखी ईजीएफआर अडवणारी औषधं संकेत तोडून जे साधतात, ते उलट्या टोकाने, संकेत वाढवूनही साधण्याची शक्यता आहे. मला ही कल्पना विलक्षण वाटते. अर्थात ती अजून प्रयोगशाळेतली आहे. निरोगी पेशींनाही तोच आवर लागतो, त्यामुळे तो काढल्यास त्यांनाही इजा होऊ शकते.

मंद संकेताची बाजू मात्र काळजीत टाकणारी आहे. २०१० मध्ये उंदरांवरच्या दोन अभ्यासांत के-रासमुळे झालेल्या गाठींत मुद्दाम बंद ठेवलेलं पी५३ हे कॅन्सर रोखणारं रक्षक जनुक पुन्हा चालू करण्यात आलं. जिथे संकेत जोरदार होता, त्या आक्रमक पेशी नष्ट झाल्या, कारण जोरदार संकेतामुळेच पेशीत पी५३ला टिकवून धरणारं प्रथिन तयार होतं. संकेत मंद असलेल्या सौम्य पेशींकडे पी५३ने लक्षच दिलं नाही. त्या तशाच राहिल्या. त्यामुळे नुसतं पी५३ परत आणणाऱ्या उपचाराने गाठ पूर्ण जाईल, याची खात्री देता येत नाही.