तीव्र फुप्फुस-इजेवरील पेशी-उपचार

न्युमोनिया, सेप्सिस (संसर्गामुळे सगळ्या शरीरात उसळलेला बिघाड), उलटी श्वासनलिकेत जाणे, विषबाधा किंवा मोठा अपघात यांमुळे वायुकोश आणि केशवाहिन्या यांमधला पातळ पडदा फाटका होतो. मग प्रथिनांनी दाट झालेला द्रव वायुकोशांत झिरपतो आणि प्राणवायू रक्तापर्यंत पोचत नाही. हीच तीव्र फुप्फुस-इजा. या अवस्थेत प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवंत पेशी शिरेवाटे देऊन दाह आवरण्याचा व पडदा सांधण्याचा प्रयत्न म्हणजे पेशी-उपचार. तो अजून प्रायोगिक आहे.

बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या बोलण्यात याला ‘छातीत पाणी झालंय’ म्हणतात. पण हेच शब्द आणखी दोन आजारांना लागतात. फुप्फुसाबाहेरच्या आवरणात साठलेले पाणी सुईने काढता येते. हृदय थकल्याने फुप्फुसात उतरलेले पाणी लघवी वाढवणाऱ्या औषधाने बरेच ओसरते. तीव्र इजेत मात्र पाणी हा परिणाम असतो, मूळ बिघाड पडद्यात असतो. ‘सुई घालून काढा की पाणी,’ असे नातेवाईक म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर पहिला आजार असतो.

या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन १९६७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये १२ रुग्णांवरून झाले. १९९४ च्या व्याख्येत ‘तीव्र फुप्फुस-इजा’ ही सौम्य पायरीही धरणारी संज्ञा होती. २०१२ च्या बर्लिन व्याख्येने ती वगळून सर्वांना एआरडीएस (तीव्र श्वसन-त्रास लक्षणसमूह) म्हटले आणि प्राणवायूच्या प्रमाणावरून सौम्य, मध्यम, गंभीर अशा पायऱ्या ठरवल्या. पडदा बरा करणारे औषध आजही नाही. जीव वाचतो तो मुख्यतः इजा न वाढवता वेळ काढण्याने. व्हेंटिलेटरने दर श्वासाला किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिल्यावर मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले (२०००). गंभीर रुग्णाला दिवसातले बरेच तास पालथे झोपवल्यानेही मोठा फायदा दिसला (२०१३). कोविडच्या काळात हे पालथे झोपवणे घरोघर माहीत झाले.

सर्वाधिक अभ्यास झाला तो मेसेन्कायमल पेशींवर, म्हणजे हाड, चरबी अशा पेशी बनू शकणाऱ्या एका प्रकारच्या मूलपेशींवर. त्या अस्थिमज्जा, चरबी आणि बाळाच्या नाळेतून मिळतात. शिरेतून सोडलेल्या पेशी आधी फुप्फुसाच्याच बारीक केशवाहिन्यांत अडकतात. इतर अवयवांच्या उपचारात ही अडचण ठरते, इथे तोच सोयीचा भाग. मात्र ‘नवीन पेशींचे नवीन फुप्फुस’ ही जाहिरातीतली कल्पना खोटी आहे. या पेशी फुप्फुस बनत नाहीत; बहुतेक थोड्याच दिवसांत नाहीशा होतात. तेवढ्या मुक्कामात त्या दाह उतरवणारी द्रव्ये आणि सूक्ष्म पुटिका (द्रव्ये वाहून नेणाऱ्या बारीक पिशव्या) सोडतात, भक्षकपेशींचा आक्रमकपणा कमी करतात, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत तर आपल्या तंतुकणिका (पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रे) जखमी पेशींना देताना दिसल्या आहेत. शेतात परका मजूर यावा, बांध कसा घालायचा ते दाखवून निघून जावा, तसे काहीसे.

उंदरांत उत्तम चाललेले माणसांत मात्र अडखळले. अमेरिकेतल्या ‘स्टार्ट’ चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यात (२०१९) ६० रुग्ण होते. मात्रा किलोमागे १ कोटी पेशी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० कोटी. उपचार सुरक्षित ठरला, पण २८ दिवसांतले मृत्यू पेशी मिळालेल्या ४० जणांत १२ आणि न मिळालेल्या २० जणांत ३ होते. पेशी मिळालेला गट मुळातच अधिक आजारी होता, त्यामुळे हा फरक पेशींच्या माथी मारता येत नाही. फायदाही सिद्ध झाला नाही. गोठवलेल्या पेशी वितळवल्यावर जिवंत राहण्याचे प्रमाण ३६ ते ८५ टक्के इतके बदलत होते. माझ्या मते खरी मेख इथेच आहे: एकाच नावाखाली दोन रुग्णांना वेगवेगळे औषध मिळत होते. कोविडमध्ये मायामीच्या २४ रुग्णांच्या चाचणीने आशा लावली (२०२१), पण अमेरिकेतली २२२ रुग्णांची आणि ब्रिटनमधली ६० रुग्णांची चाचणी मुख्य निकषावर रिकाम्या हाताने परतली.

भारतात २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसाठीचे रक्तजनक पेशींचे प्रत्यारोपण सोडता मूलपेशींचा इतर वापर मान्य चाचणीतच करायचा. नंतर बंगळूरमध्ये विकसित झालेल्या एका उत्पादनाला पायाच्या रक्तवाहिन्या बंद होण्याच्या आजारासाठी मान्यता मिळाली, फुप्फुसासाठी नाही. प्रसूतीच्या वेळी नाळेतले रक्त साठवून ठेवण्याच्या योजना शहरांत विकल्या जातात, तेव्हा हे लक्षात ठेवावे: त्या रक्तात प्रामुख्याने रक्तजनक पेशी असतात. फुप्फुसावर वापरलेल्या नाळेतल्या पेशी नाळेच्या गरापासून काढतात, आणि त्या बहुधा परक्याच बाळाच्या असतात. गावाकडे परसात पुरलेल्या नाळेने कुणाचे नुकसान झालेले नाही.

सीमाभागात बेळगावच्या मोठ्या रुग्णालयांत खानापूर, चिकोडी, हुक्केरीबरोबर पलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजचेही रुग्ण येतात. खेड्यात ‘औषध प्याला’ म्हणजे बहुधा कीटकनाशक किंवा तणनाशक. त्यांत पॅराक्वाट सर्वांत वाईट: ते फुप्फुसाच्या पेशींत साठते, उतारा नाही, आणि जास्त प्राणवायू दिला तर इजा वाढते. या विषावर मेसेन्कायमल पेशींचे प्राण्यांवर प्रयोग झाले आहेत. रुग्णाच्या उशाशी नेण्याजोगे त्यातून काही निघालेले नाही.

कुठलीही चाचणी झाली तरी संमतीपत्र समजणाऱ्या भाषेत असणे नियमाने बंधनकारक आहे. रुग्ण नळीवर आणि गुंगीत असल्याने सही करतो तो मुलगा किंवा जावई. घरात मराठी, शाळेत कन्नड, अर्जावर इंग्रजी अशा घरात त्याला कळायला हवे ते एवढेच: चिठ्ठी टाकल्यासारखी निवड होईल, आणि बाटलीत पेशी नसून नुसता द्रवही असू शकेल.